अंतरपाट, अक्षता आणि ऑटोफोकस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात वर्षं डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यावर) फोटो काढले, दिवाळीला फुल फ्रेम मिररलेस (मोठ्या सेन्सरचा, बिनआरशाचा) घेतला, जुनी ५० मिमी एफ १.८ लेन्स अडॅप्टर लावून त्यावर बसवली, आणि मावसबहिणीच्या लग्नात नेमके अक्षता पडतानाचे फोटो गेले. कॅमेरा सदोष आहे का, लेन्स बदलू का, आणि ऑटोफोकसची कोणती सेटिंग ठेवू? सोबत तीन फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. नुसतं 'फोकस येत नाही' म्हणणं म्हणजे डॉक्टरांना फोनवर 'बरं वाटत नाही' एवढंच सांगण्यासारखं.

मी १९ वर्षं लग्नं करतोय. दुसऱ्यांची. त्यातली बरीचशी तुमच्यासारखीच आरशाच्या कॅमेऱ्यावर गेली, आणि मिररलेस घेतल्यावरच्या पहिल्या सीझनला मीही सपाटून मार खाल्ला. तुमचे फोटो बघून एवढं सांगतो की कॅमेऱ्यात दोष दिसत नाही. मात्र तिन्ही फोटोंचा आजार वेगवेगळा आहे, आणि तुम्ही तिघांवर एकच औषध शोधताय.

पहिल्या फोटोत नवरी धूसर आहे आणि तिच्या पुढ्यात उडालेल्या अक्षता इतक्या स्वच्छ आल्यात की कुंकवाने रंगलेला दाणा न् दाणा मोजून घ्यावा. दुसऱ्यात तिच्यामागे उभे असलेले मामा फेट्याच्या तुऱ्यासकट सुरेख फोकसमध्ये आहेत आणि नवरी मऊ. तिसऱ्यात कोणीच नीट नाही.

तिसरा आधी बाजूला काढू, कारण त्याचा ऑटोफोकसशी संबंधच नाही. शंभर टक्क्यांवर मोठा करून बघा. मामांच्या चष्म्यावरचा दिव्याचा ठिपका गोल राहिलेला नाही, त्याची तिरपी रेघ झालीय, आणि मागच्या झेंडूच्या माळेलाही त्याच दिशेची शेपटी फुटलीय. सगळंच एका दिशेला ओघळलंय म्हणजे हात हललाय. मागचं स्वच्छ आणि माणूस तेवढा ओघळलेला असेल तर माणूस हललाय. फोटोत कुठेतरी, नको त्या ठिकाणी का होईना, काहीतरी धारदार आलं असेल तरच फोकस चुकलाय असं म्हणायचं. ही तपासणी न करता लोक थेट मेनूत शिरतात आणि चांगल्या सेटिंग्ज बिघडवून बाहेर येतात. तुमचा शटर स्पीड १/६० आहे. अक्षता पडताना मी १/५००च्या खाली जात नाही, सप्तपदीला १/२५०, आणि त्यापायी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ६४०० झाला तरी मला काही वाटत नाही. थोडा दाणेदार फोटो अल्बममध्ये जातो, हललेला जात नाही. ऑटो आयएसओच्या मेनूत किमान शटर स्पीड ठरवायची जागा असते, ती भरा आणि तिसरा फोटो विसरून जा.

उरलेले दोन समजायला मिररलेसमध्ये फोकस होतो कसा, ते थोडं बघावं लागेल.

डीएसएलआरमध्ये आरशाच्या खाली फोकसचा एक वेगळा सेन्सर बसवलेला असायचा. थोडा प्रकाश तिकडे वळवून तो अंतर मोजायचा आणि फोटो मात्र मागच्या मोठ्या सेन्सरवर उमटायचा. मोजणारा एक आणि काढणारा दुसरा. दोघांत केसाएवढं जरी अंतर पडलं तरी फोकस सतत थोडा पुढे किंवा थोडा मागे पडायचा, म्हणून तर आपण पट्टी तिरपी ठेवून लेन्स 'जुळवत' बसायचो. शिवाय फोकसचे पॉइंट मधोमध गोळा झालेले. मिररलेसमध्ये जो सेन्सर फोटो काढतो तोच फोकस मोजतो. तो कायमचा पुढे-मागे पडण्याचा आजार त्यामुळे जवळपास संपला. जुन्या कॅमेऱ्यात लेन्सला दिलेला प्लस-मायनसचा आकडा आता विसरा.

सुरुवातीचे मिररलेस मात्र चाचपडत फोकस करायचे. २००८ साली पॅनासॉनिकचा जी१ आला, त्यात फक्त कॉन्ट्रास्ट पद्धत होती: लेन्स थोडी पुढे ने, चित्र जास्त स्पष्ट झालं का बघ, पुढे गेलं की मागे ये. तंबोरा लावताना खुंटी जशी थोडी चढवून पुन्हा उतरवतात, तसं. सूर अचूक लागतो, पण वेळ जातो. फेज पद्धत वेगळी आहे. लेन्सच्या डाव्या बाजूने आलेलं चित्र आणि उजव्या बाजूने आलेलं चित्र यांची ती तुलना करते. दोन्हींत जेवढी फारकत, तेवढा फोकस दूर, आणि कुठल्या दिशेला दूर हेही कळतं. त्यामुळे लेन्स एका झेपेत जागेवर जाते. हे काम करणारे पिक्सेल मुख्य सेन्सरवरच बसवायला सुरुवात झाली आणि मिररलेसचं नशीब पालटलं. कॅननचं ड्युअल पिक्सेल तंत्र पहिल्यांदा आलं ते २०१३च्या ७०डीमध्ये, म्हणजे गंमत अशी की डीएसएलआरमध्येच, पण मागच्या पडद्यावर बघून फोटो काढताना वापरायला. ज्या पॅनासॉनिकने सुरुवात केली त्यांनी फेज पद्धत स्वीकारली थेट २०२३मध्ये, एस५ टूमध्ये.

आता यातली दोन व्यंगं लक्षात ठेवा, कारण कुठलीही सेटिंग ती झाकत नाही.

पहिलं: बहुतेक सेन्सर डावी-उजवी फारकत बघतात, वर-खालची नाही. त्यामुळे उभ्या रेघा त्यांना छान दिसतात आणि निव्वळ आडव्या रेघांवर ते गोंधळतात. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर प्रीवेडिंगसाठी बरीच जोडपी येतात. तिथे नुसत्या पायऱ्यांवर फोकस करून बघा, कॅमेरा मागे-पुढे करत बसेल. कॅमेरा थोडा तिरका धरा, फोकस धरा, मग सरळ करा. डीएसएलआरमधले मधले पॉइंट साधारणपणे दोन्ही दिशांचे असायचे, म्हणून तिथे हा अनुभव तुम्हाला आला नसेल.

दुसरं: लेन्स अगदीच चुकीच्या अंतरावर उभी असेल तर समोरचा माणूस इतका विरघळलेला असतो की सेन्सरला त्याच्यात तुलना करायला काही सापडतच नाही. मागची माळ मात्र दिसते. मग कॅमेरा माळेला चिकटतो आणि शटर कितीही दाबा, हटत नाही. नवीन माणूस इथे घाबरतो. उपाय साधा आहे: साधारण त्याच अंतरावरच्या कुठल्याही ठसठशीत वस्तूवर, समईवर, चौरंगाच्या पायावर, एकदा फोकस घ्या आणि परत माणसावर या. किंवा लेन्सची रिंग हाताने जवळच्या बाजूला फिरवा. मी तर अंतरपाट धरला की न चुकता हे करून ठेवतो.

आता मेनूकडे. ऑटोफोकसच्या पानांवर पंचवीस-तीस ओळी असतात, पण कॅमेरा तुम्हाला खरं तर चारच गोष्टी विचारत असतो: फोकस एकदाच करू की करत राहू, कुठल्या भागात शोधू, काय शोधू, आणि मध्ये कोणी आलं तर किती वेळ थांबू. यांपैकी 'कोण' हे तुम्ही सांगायचं आणि 'तो कुठे चाललाय' हे कॅमेऱ्याने बघायचं. मावसबहिणीच्या लग्नात तुमचं बरोबर उलटं झालं. कोणाला धरायचं हे तुम्ही कॅमेऱ्यावर सोडलंत, आणि पाठलाग स्वतःच्या हातात ठेवलात.

पाठलागाचं आधी सांगतो. फोटोच्या माहितीत मोड दिसतोय एएफ-एस, म्हणजे एकदाच फोकस करून कुलूप. ही डीएसएलआरची सवय. मधला पॉइंट डोळ्यावर, शटर अर्धं दाबायचं, कॅमेरा फिरवून चौकट लावायची, क्लिक. त्या काळी नाइलाज होता. आता हिशोब बघा. फुल फ्रेमवर ८५ मिमी एफ १.८, माणूस दोन मीटरवर: फोकसची एकूण खोली साधारण ६ सेंटिमीटर, म्हणजे डोळ्याच्या पुढे तीन, मागे तीन. फोकस धरून कॅमेरा नुसता दहा अंश फिरवला की फोकसचं ते पातळ पान डोळ्यामागे ३ सेंटिमीटर सरकतं. हलकीशी मान झुकली, खेळ संपला. तुमच्या ५० मिमीला त्याच अंतरावर जवळपास १७ सेंटिमीटर मिळतात, म्हणून तुमचे बसलेल्या माणसांचे फोटो ठीक आलेत. पण नवरी चालत येत असेल तर कुलूप लावल्यापासून क्लिक होईपर्यंत अर्धा सेकंदही पुरतो.

तेव्हा लग्नात एएफ-सी, म्हणजे फोकस सतत करत राहणारा मोड. कॅननवाले त्याला सर्वो म्हणतात. दिवसभर एएफ-सी, अपवाद फक्त रुखवत, दागिने, पत्रिका, ताटं यांचा. मिररलेसमध्ये स्थिर माणसावरही एएफ-सी तेवढीच नेमकी चालते, हा डीएसएलआरपेक्षा मोठा फरक आहे. एएफ-ए नावाचा एक मधला मोड काही कॅमेऱ्यांत असतो, ज्यात माणूस हलतोय की नाही हे कॅमेरा ठरवतो. तो मी कधीच वापरत नाही. अक्षता हलतात, नवरी स्थिर असते. कॅमेऱ्याने कोणावरून ठरवायचं?

एएफ-सीसोबत एक गोष्ट तपासा. शटर दाबल्यावर आधी फोकस पूर्ण होऊ द्यायचा की लगेच फोटो घ्यायचा, याला प्राधान्याची सेटिंग असते. एएफ-सीमध्ये कारखान्यातून येताना ती बहुधा 'लगेच फोटो'कडे झुकलेली किंवा मधोमध असते. म्हणून नव्या माणसाला वाटतं, 'क्लिक तर झालं, मग फोकस का नाही?' मी मधोमध ठेवतो. पूर्ण फोकसवर ठेवलं तर हार घालण्याच्या नेमक्या क्षणी कॅमेरा हट्ट धरून बसतो.

आता मामांचा फोटो. तुम्ही भाग ठेवला होता पूर्ण चौकटीचा, वाइड. वर चेहरा ओळखणं चालू. म्हणजे कॅमेऱ्याला सांगितलंत, 'या गर्दीत कुठलाही चेहरा धर.' बोहल्यावर त्या वेळी नवरी, मामा, करवली, गुरुजी, आणि मागे मोबाइल उंचावलेले पाच-सहा चुलतभाऊ. नवरीने मान खाली घातलेली, कपाळावरून मुंडावळ्या दोन्ही गालांवर लोंबतायत, नाकात मोठी नथ. मामा ताठ उभे, चेहरा समोर, उजेडात. यंत्राला अख्खा चेहरा मामांचा मिळाला. मामा तिच्यामागे हातभर अंतरावर असणार आणि तुमच्या हाताशी सतरा सेंटिमीटर. हिशोब तिथेच लागला.

हे ओळखण्याचं काम आणि फोकस मोजण्याचं काम वेगळं असतं, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. डोळ्यावर चौकोन आला म्हणजे कॅमेऱ्याने डोळा ओळखला, एवढंच. फोकस तिथे पोहोचला असा त्याचा अर्थ नव्हे. पोहोचला की चौकोनाचा रंग बदलतो किंवा खूण होते, ती तुमच्या कॅमेऱ्यात कशी दिसते ते पाठ करा. आणि मुंडावळीचा मणी डोळ्यासमोर लोंबत असेल तर चौकोन डोळ्यावर असूनही मणी धारदार येऊ शकतो. अशा वेळी मी दुसऱ्या बाजूला सरकतो. सेटिंगपेक्षा दोन पावलं स्वस्त पडतात.

मग भाग कोणता ठेवायचा? मी दोन ठेवतो. पहिला, मध्यम आकाराचा झोन आणि त्यातच डोळा ओळखणं चालू: झोन नवरीवर ठेवला की मामा त्याच्या बाहेर राहतात. निकॉनमध्ये 'वाइड एरिया स्मॉल' हे त्यासाठी उत्तम आहे, सोनी आणि फुजीत 'झोन'. दुसरा, एका पॉइंटपासून सुरू होणारं ट्रॅकिंग. पॉइंट नवरीच्या चेहऱ्यावर ठेवून शटर अर्धं दाबायचं. 'हीच' असं सांगून झालं. आता चौकट हवी तशी फिरवा, ती कडेला गेली तरी चौकोन तिच्यासोबत जातो. सोनीत याला ट्रॅकिंग आणि पुढे स्पॉटचं नाव लावलेलं असतं, निकॉनमध्ये थ्रीडी ट्रॅकिंग, नव्या कॅननमध्ये कुठल्याही छोट्या भागापासून सुरू करून पूर्ण चौकटीत पाठलाग करायची सेटिंग आहे. वरात, हळद, नाच, सगळं मी याच्यावर काढतो. फक्त एक पथ्य: धरलेला माणूस चुकला तर वाट बघत बसू नका. बोट सोडा, पॉइंट ठेवा, पुन्हा दाबा. कॅमेरा 'आपोआप' नवरीवर परत येईल या आशेवर मी एका लग्नात अख्खा कन्यादानाचा विधी गुरुजींच्या उपरण्यावर काढलाय.

काही कॅमेऱ्यांत चेहरे नोंदवून ठेवता येतात, म्हणजे गर्दीत त्या चेहऱ्याला पहिला मान. वापरणार असाल तर नोंद मेकअप झाल्यावर करा. सकाळी सातचा चेहरा आणि मुहूर्ताचा चेहरा यांची ओळख पटवणं कधी कधी नातेवाइकांनाही जड जातं.

'काय शोधू' या प्रश्नावर माझी फजिती सांगतो. हिवाळ्यात एका रविवारी भिगवणला उजनीच्या पाणलोटात रोहित बघायला गेलो होतो. होडीत बसून दिवसभर पक्षी ओळखण्याची सेटिंग. कॅमेरा काय सुंदर चालला! मोकळं आभाळ, मोठे पक्षी, पुढे-मागे काही नाही, यंत्राला आणखी काय हवं? सोमवारी सकाळी लग्न. नवरी गौरीहर पुजायला बसली आणि डोळ्यावर चौकोन येईना. दहा मिनिटं मी लेन्स पुसली, बॅटरी काढली-घातली, मनातल्या मनात दुकानदाराला शिव्या दिल्या. कॅमेरा बिचारा कालच्यासारखा पक्षीच शोधत होता. तेव्हापासून डायलवर पहिली जागा लग्नाची आणि दुसरी पक्ष्यांची, अशी विभागणी केलीय. प्रत्येक कामाच्या सगळ्या सेटिंग्ज एकत्र साठवता येतात, ती सोय वापरा. नव्या कॅमेऱ्यांत माणूस-प्राणी-पक्षी आपोआप ओळखणारी सेटिंगही आहे, पण लग्नात माणूसच ठेवा. घोडा सजवलेला असतो, त्याच्यावर फोकस गेला तर नवरदेव रुसेल.

आता अक्षता. इथे चौथा प्रश्न येतो, मध्ये काही आडवं आलं तर किती थांबायचं. कॅमेरा नवरीला धरून आहे आणि अचानक हातभर जवळ शंभर दाणे आले. त्याने काय समजावं? नवरी पुढे आली, की कोणी आडवं आलं? ट्रॅकिंगची संवेदनशीलता नावाची सेटिंग हेच ठरवते. अक्षतांना कॅमेरा हट्टी हवा: आडवं काही आलं तरी दुर्लक्ष कर, आपलं माणूस सोडू नको.

आणि इथेच एक सापळा आहे, ज्यात माझा मदतनीस पडला होता. कंपन्यांचे आकडे एकमेकांच्या उलट आहेत. सोनीत १ म्हणजे हट्टी आणि ५ म्हणजे चपळ. निकॉनमध्ये १ म्हणजे चपळ आणि ५ म्हणजे हट्टी. फुजीत ० चपळ, ४ हट्टी. कॅननमध्ये बहुतेक ठिकाणी उणे २ हट्टी आणि अधिक २ चपळ. तेव्हा कुठल्या व्हिडिओत 'आकडा ५ ठेवा' ऐकलंत तर बोलणाऱ्याच्या हातात कोणता कॅमेरा आहे ते आधी बघा. सोनीवाल्याचा सल्ला निकॉनवर लावलात तर अक्षतांचे फोटो अप्रतिम येतील, नवराबायकोचे नाहीत.

बाकी वेळी हट्टीपणा वाढवून ठेवू नका. हळदीत एकीवरून दुसरीवर जायचं असतं तेव्हा हट्टी कॅमेरा पहिलीच्या जागी रेंगाळतो. मी दिवसभर मधला आकडा ठेवतो आणि मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी हट्टी करतो. 'शुभ मंगल सावधान' कानावर आलं की बोटाला कळतंच.

पण खरं सांगू का, लेन्सच्या समोर वीतभर अंतरावरून मूठभर तांदूळ गेले तर कुठलाच आकडा वाचवत नाही. तुम्ही पहिल्या रांगेसमोर मध्यभागी उभे होतात, म्हणजे दोनशे माणसांचा नेम तुमच्या डोक्यावरून. बोहल्याच्या कडेला जा. तिथून अक्षता नवरीवर पडताना दिसतात, तुमच्यावर नाही, आणि त्या साधारण तिच्याच अंतरावर असल्याने त्यांच्यावर फोकस गेला तरी चेहरा हाताशी राहतो. कडेवरून दुसरा फायदा अंतरपाटाचा. समोरून बघितलं तर पांढऱ्या कापडावरचं कुंकवाचं स्वस्तिक हीच चौकटीतली सगळ्यात ठळक, सगळ्यात जवळची गोष्ट असते आणि फोकस तिथे खिळतो. कडेने दोघंही दिसतात.

अंतरपाट खाली येण्याच्या क्षणासाठी मी फोकस शटरवरून काढून मागच्या एएफ-ऑन बटनावर दिलाय. अंगठा दाबला की फोकस, सोडला की फोकस आहे तिथेच थांबतो, आणि शटर फक्त फोटो काढतं. नवरीच्या डोळ्यावर आधी अंगठ्याने फोकस घेऊन ठेवायचा, अंगठा उचलायचा. कापड सरकताना कॅमेरा कापडाकडे धावत नाही, कारण त्याला धावायला सांगितलेलंच नाही. कापड खाली आलं की अंगठा पुन्हा दाबायचा. सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात, त्या काळात दोन-चार फोटो अंगठा विसरल्यामुळे जातील. घरचं कार्य तोंडावर असताना हा बदल करू नका.

उजेडाबद्दल थोडं. 'उणे ६ ईव्हीपर्यंत फोकस' (ईव्ही हे उजेडाचं माप, जितकं उणे तितका अंधार) अशा जाहिरातींचे आकडे मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्सवर मोजलेले असतात. कॅननच्या आर६ला उणे ६.५ हा आकडा एफ १.२ची लेन्स धरून दिलेला आहे. त्याच कॅमेऱ्यावर एफ ५.६ची लेन्स लावली (एफचा आकडा मोठा तितकं प्रकाशाचं भोक लहान) की जवळजवळ साडेचार स्टॉप प्रकाश कमी आत जातो, आणि दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो. शिवाय काही मिररलेस फोकस करतानाही अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवलंय तेवढंच मिटवून ठेवतात. अंधाऱ्या कार्यालयात फ्लॅश लावून एफ ८ वर ग्रुप काढताना कॅमेरा चाचपडतो तो म्हणून. त्या वेळी पडद्यावर एक्स्पोजर दाखवणारी सेटिंग बंद करा, निदान तुम्हाला तरी दिसेल. जुन्या फ्लॅशमधून पडणारी लाल जाळी बहुतेक मिररलेसना फोकससाठी उपयोगी पडत नाही, तिच्यावर विसंबू नका. आणि कॅमेऱ्याचा तो मदतीचा दिवा बंद करा. कन्यादानाच्या वेळी नवरीच्या तोंडावर नारिंगी झोत मारणारा फोटोग्राफर तिच्या आईला वर्षानुवर्षं आठवतो.

राहिली लेन्स. अडॅप्टरवरची जुनी ५० मिमी वाईट नसते, पण तिची मोटर एका उडीत जागेवर जायच्या काळातली आहे. एएफ-सीमध्ये सेकंदाला कित्येक वेळा बारीक-बारीक सरकावं लागतं, तिथे ती मागे पडते आणि आवाजही करते. निकॉनच्या जुन्या 'डी' लेन्स असत्या तर एफटीझेड अडॅप्टरवर (निकॉनच्या जुन्या लेन्स त्यांच्या मिररलेसवर बसवणाऱ्या) ऑटोफोकस झालाच नसता, कारण त्यांना फिरवणारी मोटर कॅमेऱ्याच्या अंगात लागते आणि अडॅप्टरमध्ये ती नाही. तुमची लेन्स निदान फोकस करतेय.

खरेदीआधी घरी एक चाचणी घ्या. व्हरांड्यात कोणाला तरी सहा मीटरवरून तुमच्याकडे नेहमीच्या चालीने यायला सांगा. एएफ-सी, छोटा झोन, डोळा चालू, शटर १/५००, एफ १.८, सलग फोटो. तीस फोटोंत किती डोळे नेमके आले ते मोजा. मग हट्टीपणाचा आकडा बदलून तीच चाल, या वेळी बाजूला दुसरं कोणी मूठभर तांदूळ घेऊन उभं. ओळखीच्या कोणाकडून त्याच माउंटची नव्या घडणीची लेन्स तासाभरासाठी मिळाली तर तिच्यावर हेच दोन फेरे काढा. जुनीवर बारा आणि नवीवर सव्वीस आले तर लेन्स घ्या. जुनीवर चोवीस आले तर पैसे ठेवून द्या, तुमचे फोटो एएफ-एस आणि वाइडने खाल्लेत. आकडे मला कळवा, आणि कॅमेऱ्याचं मॉडेल सांगायचं राहिलंय, तेही.